कडधान्याच्या वाणांची भुंगेऱ्याविरुद्ध चाचणी: केवळ अंड्यांवरून निकाल का लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मूग आणि चवळी यांचे मिळून २४ वाण आपण उघड्या वाट्यांत भरून एका मोठ्या पेटीत गोलाकार मांडले, मध्यभागी दाणे पोखरणारे भुंगेरे सोडले, आठवड्याने प्रत्येक वाटीतील अंडी मोजली आणि ज्या पाच वाणांवर सर्वांत कमी अंडी आढळली त्यांना प्रतिकारक्षम ठरवले. तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा त्या पाचांपैकी तीन वाण यादीच्या तळाला गेले. शिवाय मुगाच्या एका वाणावर दोन्ही वेळा अंडी भरपूर होती, पण महिन्याभराने पाहिले तर दाणे जवळजवळ शाबूत होते. चूक नेमकी कोठे झाली आणि चाचणी नीट कशी मांडावी, हे आपण विचारले आहे.

आपली मोजणी बरोबर असावी, पण जे मोजले त्यावरून वाणाचा प्रतिकार ठरत नाही. ज्या वाणाने आपल्याला कोड्यात टाकले, तो भरपूर अंडी असूनही शाबूत राहिलेला मूग, बहुधा आपल्या संग्रहातला सर्वांत मोलाचा नमुना आहे, आणि आपल्या पद्धतीत तो नापास झाला.

असे का घडते, हे किड्याच्या जीवनक्रमात पाहावे लागते. कॅलोसोब्रुकस या भुंगेऱ्यांच्या वंशातली मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडे चिकटवते. अंड्यातून निघणारी अळी बाहेर हिंडत नाही. ती अंड्याच्या तळातूनच बीजावरण कुरतडून थेट आत शिरते, चार अवस्था आतच काढते, तेथेच कोषात जाते आणि प्रौढ झाल्यावर गोल झाकण कापून बाहेर येते. म्हणजे दाणा निवडते ती आई आणि त्या निवडीचे बरेवाईट फळ भोगते ती अळी. आईला कळते ते बाहेरचे: पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, दाण्याचा आकार आणि वक्रता किती, वास कसा, त्यावर आधीच दुसरे अंडे आहे का. अळीची गाठ पडते ती आतल्या प्रथिनांशी आणि इतर रसायनांशी. या दोन गोष्टींचा मेळ असेलच असे नाही. टपोऱ्या, गुळगुळीत दाण्यांवर अंडी जास्त आणि सुरकुतलेल्या, खडबडीत सालीच्या दाण्यांवर कमी, हा नेहमीचा अनुभव आहे. पण तो खडबडीत सालीचा वाण एकटाच कोठारात भरला, तर मादीपुढे दुसरा पर्याय उरत नाही आणि ती त्यावरच अंडी घालते. कीटकशास्त्रज्ञ पेंटर यांनी १९५१ साली पिकांच्या प्रतिकाराचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतला पहिला म्हणजे नापसंती. ती पर्याय असतानाच ठळकपणे दिसते. दुसरा प्रकार म्हणजे अळीच्या वाढीला बाधा, आणि साठवणीच्या किडींच्या बाबतीत आपल्याला प्रामुख्याने तोच शोधायचा असतो. तिसरा प्रकार सहनशीलता. तो उभ्या पिकाला लागू पडतो, पण पोखरलेला दाणा पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे येथे त्याला फारसा अर्थ नाही.

दोन फेऱ्यांत क्रम उलटण्याचे कारणही याच मांडणीत आहे. पेटीतल्या प्रकाशाची दिशा, भुंगेरे सोडण्याची जागा आणि शेजारच्या वाटीतला वाण यांवर अंड्यांची वाटणी बदलते. अत्यंत आकर्षक वाण शेजारी असेल तर मध्यम वाणही नावडता भासतो. पर्याय देऊन घेतलेली चाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण ती पूरक म्हणून घ्यावी आणि वाणाचा निकाल बिनपर्यायी चाचणीवर लावावा. बिनपर्यायी म्हणजे प्रत्येक वाण स्वतंत्र बरणीत आणि प्रत्येक बरणीत मोजकेच भुंगेरे.

चाचणी मांडण्यापूर्वी आपल्याकडे कोणता भुंगेरा आहे हे नक्की करा. आपल्या पत्रात केवळ ‘भुंगेरे’ असा उल्लेख आहे आणि त्यावर निकाल आधारता येणार नाही. लागवडीखालील उडदाचे उदाहरण बोलके आहे: कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या जातीला तो सहसा चांगली दाद देत नाही, पण कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस ही जात त्याच उडदात वाढते. दोन्ही जाती मिसळलेल्या असतील, तर निकाल त्या वेळच्या मिश्रणातील प्रमाणावर अवलंबून राहील. ओळखणे अवघड नाही. साध्या भिंगाखाली चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या दात्यांच्या दिसतात, तर मादीच्या केवळ करवतीसारख्या. मॅक्युलेटसच्या मादीच्या पंखांवर मोठे काळे ठिपके असतात आणि पोटाच्या मागच्या उघड्या भागावर दोन बाजूंना काळे पट्टे व मध्ये पांढरट रेघ दिसते. नराचा तो भाग बराच फिका असतो. नर-मादी वेगळे ओळखता येणे पुढे जोड्या सोडताना लागणारच आहे, म्हणून या सरावात घालवलेली एक दुपार वाया जात नाही.

ही सर्व पद्धत अंडी चिकटवणाऱ्या जातींसाठी आहे. पुढे कधी घेवड्याचे वाण तपासायचे ठरवलेत, तर अॅकँथोसेलिडीस ऑब्टेक्टस ही जात अंडी चिकटवत नाही, दाण्यांमध्ये सुटी टाकते आणि तिची नवजात अळी स्वतः हिंडून दाणा शोधते, हे ध्यानात ठेवा. तेथे दाण्यागणिक अंडी मोजण्याचा प्रश्नच येत नाही, अंडी चाळून घ्यावी लागतात आणि ठरावीक संख्येने दाण्यांवर सोडावी लागतात. वाटाण्यावरील ब्रुकस पिसोरम तर वाळलेल्या दाण्यात पुन्हा प्रजनन करतच नाही. तो शेतातल्या हिरव्या शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे बरणीतली चाचणी त्याच्यासाठी कुचकामी आहे.

आता भुंगेऱ्यांची पैदास. ती नेहमी एखाद्या चांगल्या बळी पडणाऱ्या वाणावर करावी, चाचणीतल्या वाणांवर नव्हे, कारण ज्या दाण्यात किडा वाढला त्याची सवय पुढच्या पिढीत डोकावू शकते. पैदाशीची सुरुवात पाच-दहा किड्यांवरून न करता शेकड्यांनी करावी, म्हणजे मूळ संख्येतली विविधता टिकते. पैदाशीच्या बरणीत गर्दी होऊ देऊ नका. मॅक्युलेटसमध्ये दाटी आणि उष्णता वाढली की उडणारे, चपळ भुंगेरे निपजतात. ते दिसायला वेगळे असतात, उशिरा अंडी घालायला लागतात आणि एकूण अंडी कमी घालतात. असे भुंगेरे अर्ध्या बरण्यांत गेले, तर त्या बरण्यांतले वाण विनाकारण प्रतिकारक्षम दिसतील. चाचणीसाठी २४ तासांच्या आत बाहेर आलेले भुंगेरे घ्यावेत: आदल्या दिवशी पैदाशीची बरणी पूर्ण चाळून रिकामी करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जे बाहेर आले असतील तेच वापरावेत. प्रौढ भुंगेऱ्यांना अन्न लागत नाही, त्यामुळे त्यांना काही खाऊ घालण्याचा खटाटोप नको.

बियाण्याच्या तयारीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते निम्मे गोंधळ येथेच सुरू होतात. सर्व वाणांचे बी एकाच हंगामातले, एकाच शेतात वाढवलेले आणि सारख्या पद्धतीने मळलेले असावे. एका वाणाचे बी दोन वर्षे जुने आणि दुसऱ्याचे ताजे असेल, तर आपण वाण तपासत नसून साठवणीचा इतिहास तपासत असतो. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लावलेले बी घेऊ नये, हे सांगायला नको. तरी बीजप्रक्रियेचा रंग धुऊन ते बी चाचणीत घालणारे मी पाहिले आहेत. शेतातच शेंगेवर घातलेल्या अंड्यांमुळे दाण्यात कीड आधीच लपलेली असू शकते, म्हणून बी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअसला किमान एक आठवडा ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर दव साचते. त्यानंतर फुटके, चिरलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाकून उरलेले बी चाचणीच्याच तापमानात आणि आर्द्रतेत दोन आठवडे उघडे ठेवावे, म्हणजे सर्व वाणांची ओल त्या हवेशी जुळते. ७ टक्के ओलीचा दाणा आणि १२ टक्के ओलीचा दाणा या अळीच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत: कोरड्या दाण्यात वाढ मंदावते, आणि ती मंदी आपण वाणाच्या खात्यावर जमा करतो.

मी स्वतः वापरतो ती मांडणी अशी आहे. तापमान २८ ते ३० अंश, सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्के. प्रत्येक बरणीत ५० शाबूत दाणे, त्यांचे वजन मिलिग्रॅमपर्यंत टिपलेले. प्रत्येक बरणीत दोन जोड्या, तीन दिवसांसाठी. त्यानंतर जिवंत-मेलेले सर्व भुंगेरे मोजून बाहेर. प्रत्येक वाणाच्या पाच बरण्या भुंगेऱ्यांसह आणि दोन भुंगेऱ्यांशिवाय, कारण महिना-दीड महिन्यात दाण्यांचे वजन ओलीमुळेही बदलते आणि तो बदल वजा करावा लागतो. झाकणाला बारीक जाळी हवी. बंद झाकणाखाली दाण्यांचा आणि किड्यांचा श्वसनाचा दमटपणा साचून बुरशी येते. चाचणीत एक पक्का बळी पडणारा वाण आणि शक्य असल्यास एक ज्ञात प्रतिकारक्षम वाण तुलनेसाठी असलाच पाहिजे. बळी पडणाऱ्या वाणात उबलेल्या अंड्यांपैकी बहुतांश अंड्यांतून भुंगेरे निघाले नाहीत, तर त्या फेरीचा निकाल लावू नका. किडे, तापमान किंवा बी यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

दाण्यांच्या आकारातला फरक मोठा असेल तर केवळ दाण्यांची संख्या सारखी ठेवून भागत नाही. मुगाच्या बारीक दाण्यात एका अळीपुरतेच अन्न असते, तर चवळीच्या टपोऱ्या दाण्यात तीन-चार भुंगेरे सहज वाढतात. दोन अळ्या एकाच मुगात शिरल्या तर एक मरण्याची शक्यता दाट, आणि तो मृत्यू प्रतिकारामुळे झालेला नसतो. यावर सोपा उपाय म्हणजे अंडी घालून झाल्यावर लगेच, ती उबून अळी आत शिरण्यापूर्वी, भिंगाखाली सुईच्या टोकाने जादा अंडी खरवडून प्रत्येक दाण्यावर एकच ठेवणे. काम कंटाळवाणे आहे. एका फेरीत हजारभर दाणे हाताखालून जातात. तरीही मूग आणि चवळी यांची तुलना एकाच तक्त्यात करायची असेल, तर हा कंटाळा टाळता येत नाही. खरे तर दोन पिकांचे वाण एकाच यादीत क्रमाने लावूच नयेत. मुगाची तुलना मुगाशी आणि चवळीची चवळीशी करावी.

अंडी पाहताना एक फरक डोळ्याला लागला पाहिजे. ताजे अंडे पारदर्शक, किंचित चमकदार, थेंब वाळल्यासारखे दिसते. अळी आत शिरताना कुरतडलेला भुसा आणि विष्ठा मागच्या रिकाम्या कवचात भरत जाते, त्यामुळे उबलेले अंडे खडूसारखे पांढरे, अपारदर्शक होते. आठव्या ते दहाव्या दिवशी पांढरी अंडी वेगळी आणि काचेसारखी अंडी वेगळी मोजा. पारदर्शक राहिलेले अंडे म्हणजे वांझ किंवा मेलेले अंडे; त्याचा वाणाच्या आतल्या प्रतिकाराशी संबंध नाही. पांढऱ्या सालीच्या चवळीवर पांढरे अंडे हरवते, तेथे दिवा बाजूने तिरपा लावावा, म्हणजे उंचवट्याची सावली दिसते. टक्केवारी काढताना भाजक म्हणून फक्त पांढरी अंडी घ्यावीत. आपल्या कोड्यातल्या मुगावरची अंडी पांढरी होती की पारदर्शक, एवढे एक निरीक्षण असते तरी अर्धा उलगडा तेव्हाच झाला असता.

त्यानंतर विसाव्या दिवसापासून रोज, शक्यतो त्याच वेळी, बरणी पाहावी आणि बाहेर आलेला प्रत्येक भुंगेरा मोजून लगेच काढून टाकावा. लगेच यासाठी की बाहेर आल्यावर थोड्याच वेळात मिलन होते आणि त्याच दिवशी अंडी पडू लागतात. एक दिवस चुकला की दुसरी पिढी पहिलीत मिसळते. बळी पडणाऱ्या वाणात या तापमानाला बहुतेक भुंगेरे २३ ते ३० दिवसांत निघून जातात. प्रतिकारक्षम वाणात मात्र ते रेंगाळतात, तुरळक निघतात आणि निघणारेही लहान, हलके असतात. म्हणून ३५ किंवा ४० दिवसांना सगळ्या बरण्या एकदम मोजून चाचणी बंद करण्याची जी पद्धत आहे, तीत उशिरा निघणारे सगळे ‘मेलेले’ धरले जातात आणि वाण आहे त्याहून चांगला दिसतो. रोज काढून टाकत असाल तर ६० दिवसांपर्यंत थांबायला काही अडचण नाही.

येथे एक जुना फटका सांगतो, कारण तो कोणालाही बसू शकतो. एका वाणावर अंडी छान पांढरी झाली, विसाव्या दिवसाच्या सुमारास दाण्यांवर कोषाच्या गोल खिडक्याही दिसू लागल्या, आणि मग जवळजवळ काहीच बाहेर आले नाही. दोन बरण्यांच्या निकालावर मी नोंदवहीत त्या वाणापुढे आनंदाने तारा काढून ठेवला. तिसऱ्या बरणीच्या जाळीवर मला दोन-अडीच मिलिमीटरची, धातूसारखी चमक असलेली काळपट माशी बसलेली दिसली. दाणे रात्रभर भिजवून चिरले, तेव्हा भुंगेऱ्याच्या निपचित अळीशेजारी तिची अळी जेवत असलेली सापडली. डिनार्मस बसॅलिस किंवा अॅनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री यांसारख्या परजीवी गांधीलमाश्या पैदाशीच्या बरणीतून अशा शिरतात आणि वाणाचे श्रेय स्वतःच्या कामाने वाढवून ठेवतात. त्यांचे बाहेर पडण्याचे छिद्र भुंगेऱ्याच्या छिद्रापेक्षा स्पष्टपणे लहान असते; एकदा ओळखले की चुकत नाही. ती संपूर्ण फेरी टाकून द्यावी लागली आणि पैदासही नव्याने उभी करावी लागली. हाताला लाल, खाजरे पुरळ उठू लागले तर पायेमोटिस या कोळीवर्गीय जिवाचा संशय घ्या; तोही भुंगेऱ्याच्या अळ्या फस्त करतो आणि माणसाला चावतो.

मिळालेल्या आकड्यांचे काय करायचे, याविषयी लोक सरसकट एक निर्देशांक काढून मोकळे होतात. १९७४ साली डॉबी यांनी मक्याच्या वाणांसाठी सुचवलेला संवेदनशीलता निर्देशांक कडधान्यातही वापरला जातो: पहिल्या पिढीतील एकूण भुंगेऱ्यांचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले विकासाचा मध्यक कालावधी, गुणिले १००. हा कालावधी अंडी घालण्याच्या मुदतीच्या मध्यापासून अर्धे भुंगेरे बाहेर येईपर्यंतचा धरतात. प्रचलित पट्टीत ४ पर्यंत प्रतिकारक्षम, ७ पर्यंत मध्यम प्रतिकारक्षम, १० पर्यंत बळी पडणारा आणि त्यापुढे अतिशय बळी पडणारा मानतात. यात दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे लॉगॅरिदमचा पाया. ४५ भुंगेरे, कालावधी २८ दिवस, असे धरा. नैसर्गिक लॉगॅरिदमने निर्देशांक १३.६ येतो, म्हणजे वाण अतिशय बळी पडणारा. कोणी दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला तर तोच निर्देशांक ५.९ होतो, आणि तीच पट्टी लावली की तोच वाण मध्यम प्रतिकारक्षम ठरतो. ही चूक छापील अहवालांतही आढळते, कारण गणकयंत्रावर दोन्ही कळा शेजारी असतात.

दुसरा खड्डा खोल आहे. समजा एका वाणावर ८० अंडी उबली आणि ६४ भुंगेरे निघाले. दुसऱ्यावर २० उबली आणि १६ निघाले. कालावधी दोन्हींत २८ दिवस. दोन्ही वाणांत अळी जगण्याचे प्रमाण तंतोतंत ८० टक्के आहे, पण निर्देशांक पहिल्याचा १४.९ आणि दुसऱ्याचा ९.९. म्हणजे मादीने कमी अंडी घातली एवढ्यावरून दुसरा वाण एक पायरी वर चढला. ज्या अंड्यांच्या फसवणुकीतून आपण बाहेर पडू पाहत होतो, तीच मागल्या दाराने परत येते. म्हणून मी आधी उबलेल्या अंड्यांपैकी किती टक्के भुंगेरे निघाले आणि किती दिवसांत निघाले हे दोन आकडे स्वतंत्र देतो. एकच आकडा हवा असेल तर १९७१ साली होवे यांनी सुचवल्याप्रमाणे जगण्याच्या टक्केवारीचा लॉगॅरिदम विकासकालाने भागावा. एकही भुंगेरा निघाला नाही तर लॉगॅरिदम निघतच नाही. तेथे निर्देशांक शून्य लिहून तसे स्पष्ट नोंदवावे.

वजनातील घट हा आकडा साठवण करणाऱ्याला सर्वांत जवळचा. छिद्रांकित आणि शाबूत दाणे वेगळे करून त्यांची संख्या आणि वजन घ्यावे. १०० दाण्यांच्या नमुन्यात ६० शाबूत दाण्यांचे वजन ७.२ ग्रॅम आणि ४० पोखरलेल्यांचे ३.६ ग्रॅम असेल, तर शाबूत दाणा सरासरी ०.१२ ग्रॅमचा आणि पोखरलेला ०.०९ ग्रॅमचा होतो. ४० दाण्यांमागे १.२ ग्रॅम गेले आणि मूळ वजन १२ ग्रॅम असायला हवे होते, म्हणून घट १० टक्के. या हिशेबात दाण्यांचा आकार सारखा असल्याचे गृहीत आहे. मादीने मोठे दाणे निवडून त्यांवरच अंडी घातली असतील तर घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून बरणीचे सुरुवातीचे वजन टिपून ठेवा असे मी वर म्हटले. वजनातली घट अंड्यांच्या संख्येवर अवलंबून असते, तेव्हा तिच्यावरून वाणांचा क्रम लावताना प्रति भुंगेरा घटही काढून पाहावी.

संख्याशास्त्राबद्दल थोडक्यात: पुनरावृत्तीचे एकक बरणी आहे, दाणा नव्हे. पाच बरण्यांतले २५० दाणे म्हणजे २५० पुनरावृत्ती धरल्या की कोणताही किरकोळ फरक लक्षणीय ठरतो. इन्क्युबेटरच्या वरच्या आणि खालच्या फळीत एक-दीड अंशाचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक फळीवर प्रत्येक वाणाची एक बरणी ठेवून फळीला गट मानावे.

इथवर प्रतिकार आहे एवढे कळते. तो कोठे आहे हे कळण्यासाठी आणखी दोन छोट्या पायऱ्या पुरतात. पंधराव्या दिवशी प्रत्येक बरणीतले काही दाणे, जे याच कामासाठी जादा ठेवलेले असतील, भिजवून चिरावेत. अळी बीजावरणाच्या जाडीतच मेली आहे, दलात, म्हणजे सालीच्या आतल्या डाळीत, थोडे बोगदे करून मेली आहे, की जिवंत पण खुरटलेली आहे, हे भिंगाखाली सरळ दिसते. दुसरी पायरी म्हणजे साल काढलेले दाणे पुन्हा पूर्ववत वाळवून, ओल जुळवून चाचणीत घालणे. साल गेल्याबरोबर प्रतिकारही गेला, तर तो सालीत होता, आणि मळणीत चिरा पडलेल्या मालात त्याचा भरवसा धरता येणार नाही. साल काढूनही अळ्या मरत असतील तर कारण दलात आहे, आणि तेथून पुढे पैदासकाराचे काम सुरू होते.

अशा दलातल्या प्रतिकाराची काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत, आणि प्रत्येकातून चाचणी घेणाऱ्याने काही उचलण्यासारखे आहे. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७०च्या दशकात टीव्हीयू २०२७ हा चवळीचा नमुना मॅक्युलेटसला प्रतिकारक्षम आढळला. त्याचे श्रेय आधी ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणाऱ्या प्रथिनाला दिले गेले. पुढे व्हिसिलिन या साठवणीच्या प्रथिनाच्या वेगळ्या रूपाकडे बोट गेले. मात्र निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेले मॅक्युलेटस या चवळीवर सारखे वागत नाहीत. काहींचा तिच्यात बऱ्यापैकी निभाव लागतो. मादागास्करमधून मिळालेल्या टीसी १९६६ या रानटी मुगात चायनेन्सिस आणि मॅक्युलेटस दोन्हींना रोखण्याची ताकद आहे आणि ती एका प्रभावी जनुकाने उतरते, असे दिसून आले. मेक्सिकोतील रानटी घेवड्यात सापडलेल्या आर्सेलिन या प्रथिनामुळे झाब्रोटेस या भुंगेऱ्याला चांगला पायबंद बसतो, पण ऑब्टेक्टसला तितका बसत नाही. म्हणून अंतिम फेरीतले वाण किमान दोन ठिकाणांहून आणलेल्या किड्यांवर तपासावेत आणि अहवालात किड्याची जात व मूळ ठिकाण लिहावे. वाटाण्यात घेवड्याचे अमायलेज-रोधक (पिष्ट पचवणाऱ्या विकराला रोखणारे) प्रथिन जनुक-अभियांत्रिकीने आणले, तेव्हा भुंगेरे मेले, पण २००५ साली ते खाणाऱ्या उंदरांत प्रतिकारसंस्थेची अनपेक्षित प्रतिक्रिया दिसली आणि ते काम पुढे नेले गेले नाही. किड्याला न पचणारे माणसाला पचते का, ही तपासणी शेवटी नव्हे तर वाण पैदाशीत घेण्याआधी व्हावी, असे माझे मत आहे.

आपल्या २४ वाणांपैकी सगळे पुन्हा एकदम घेऊ नका. मुगाचे वेगळे आणि चवळीचे वेगळे करून, प्रत्येक वाणाच्या दोन बरण्यांची चाळणीवजा फेरी घ्या आणि तीत फक्त पांढरी अंडी व निघालेले भुंगेरे मोजा. ज्यांत निम्म्याहून कमी अळ्या जगल्या तेवढेच वर सांगितलेल्या पूर्ण फेरीत न्या. कोड्यातला मूग मात्र थेट पूर्ण फेरीत घ्यावा, आणि त्याचे किमान १०० दाणे चाचणीत न वापरता शीतपेटीत राखून ठेवावेत. जुन्या नमुन्यांत बी मिसळलेले असते. एकाच पिशवीत प्रतिकारक्षम आणि बळी पडणारे दाणे शेजारी नांदतात, आणि त्यामुळेही एखाद्या वाणाचा निकाल मध्यम येतो. म्हणून ६० दिवसांनंतर ज्या दाण्यांवर पांढरे अंडे आहे पण छिद्र नाही, असे दाणे फेकू नका. ते एकेक करून वेगळ्या कुंड्यांत पेरा, प्रत्येक झाडाचे बी स्वतंत्र पाकिटात काढा आणि पुढची चाचणी त्या पाकिटांवर घ्या.